सस्पेन्सला पडून राहिलेल्या नोंदी : मराठी रहस्यकथाकारांना एका निवृत्त बँक तपासणीसाचं खुलं पत्र

मराठीत रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखक-लेखिकांनो आणि त्या छापणाऱ्या प्रकाशकांनो,

सप्रेम नमस्कार.

बँकेत सस्पेन्स नावाचं एक खातं असतं. एखादी रक्कम कुणाच्या नावे टाकायची ते कळत नसलं की ती तात्पुरती तिथे टाकायची, चौकशी करायची आणि उलगडा झाला की नोंद फिरवून जिथली तिथे न्यायची. 'सध्या सस्पेन्सला टाक, उद्या बघू' हे वाक्य नोकरीत मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. जुने हिशेबनीस त्याला उचंत खातं म्हणत. १९८१ साली बी.एस.आर.बी.ची, म्हणजे बँकांच्या भरती मंडळाची, परीक्षा देऊन मी कारकून म्हणून लागले, पुढे अधिकारी झाले आणि शेवटची अठरा वर्षं तपासणी विभागात फिरतीवर काढली. नव्या शाखेत पाऊल टाकलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. सस्पेन्सची यादी द्या, सगळ्यात जुनी नोंद किती दिवसांची आहे? त्यावर शाखाधिकाऱ्याचा चेहरा जसा व्हायचा तसा हल्ली माझा होतो, मराठी रहस्यकादंबरी वाचून मिटताना. चाळिसाव्या पानावर जिन्याखाली सापडलेली निळी डायरी पुढे कुठे गेली? सेक्रेटरीच्या हाताला पट्टी होती ती कशाने? खुनी सापडला, पुस्तक संपलं, आणि सस्पेन्सला अकरा नोंदी तशाच.

एवढंच असतं तर पत्र लिहिलं नसतं. डायऱ्या हरवतात. माझं दुखणं वेगळं आहे, आणि ते एका इंग्रजी कादंबरीमुळे पुन्हा ठणकायला लागलं. डोरोथी एल. सेयर्स यांची 'मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज', साल १९३३, गाव लंडन. माझी प्रत फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवर पंधरा रुपयांना घेतलेली आहे. तिला वरचं कव्हर नाही, आणि आधीच्या मालकाने क्रिकेटच्या सामन्याच्या प्रकरणाशेजारी पेन्सिलीने धावफलक मांडून ठेवलाय. पहिल्यांदा वाचली ती गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा एका तालुक्याच्या गावी लॉजवर, कारण दुसरं काही जवळ नव्हतं. तिसऱ्यांदा गेल्या महिन्यात, आणि या खेपेला एखाद्या शाखेची तपासणी करावी तशी. शेवट सांगितल्याशिवाय मला बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांना स्वतः वाचायची आहे त्यांनी इथेच थांबावं. नव्वदहून अधिक वर्षं पुस्तक बाजारात आहे, मी फार घाई करते आहे असं नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. पिम्स पब्लिसिटी नावाची जाहिरात कंपनी. तिथे मजकूर लिहिणारा व्हिक्टर डीन लोखंडी गोल जिन्यावरून पडून मरतो. सगळे हळहळतात आणि कामाला लागतात. त्याच्या रिकाम्या खुर्चीवर डेथ ब्रेडन नावाचा नवा माणूस येतो. हा म्हणजे लॉर्ड पीटर विम्झी, सरदार घराण्यातला हौशी गुप्तहेर. डेथ आणि ब्रेडन ही त्याचीच मधली नावं. डीनने मालकाला लिहायला घेतलेलं एक पत्र अर्धवट सापडलंय, ऑफिसात काहीतरी गैर चाललंय असं सुचवणारं, म्हणून मालकाने विम्झीला गुपचूप बोलावलंय.

आता बघा, इथवरचं कुणीही लिहील. तुमच्यातल्या कित्येकांनी लिहिलंय. फरक पडतो तो पुढे. कोकेन विकणाऱ्या टोळीला दर आठवड्याला आपल्या माणसांना कळवायचं असतं की माल या खेपेला कुठल्या पबमध्ये मिळेल. हे कळवायचं साधन म्हणजे 'न्यूट्रॅक्स' नावाच्या, मज्जातंतूंवरच्या टॉनिकच्या वर्तमानपत्री जाहिरातीचा मथळा. मथळ्याचं पहिलं अक्षर तेच पबच्या नावाचं पहिलं अक्षर. टेलिफोन डिरेक्टरी उघडायची आणि शोधायचं. लाखो लोकांच्या नजरेसमोर दर शुक्रवारी छापून येणारं हे अक्षर काही दिवस आधी ज्याला ठाऊक असतं, तो माणूस ऑफिसात 'न्यूट्रॅक्स'चं काम बघणारा मिस्टर टॉलबॉय. हा गुन्हा दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात होऊच शकत नाही. मथळा कोण लिहितो, मंजूर कोण करतो, छपाईचा ब्लॉक कधी बनतो, गिऱ्हाईक शेवटच्या क्षणी काय बदलायला लावतं, ही सगळी कामाची साखळी कळल्याशिवाय वाचकाला गुन्हा कळत नाही. म्हणून सेयर्सबाई आपल्याला ती साखळी शिकवतात, आणि ती शिकताना आपल्याला वाटत राहतं की आपण नुसत्या गमतीजमती वाचतोय.

एक प्रसंग मला फार आवडतो. संध्याकाळ झालेली, बहुतेक मंडळी घरी गेलेली. मागे राहिलेल्या कॉप्ली नावाच्या ज्येष्ठ आणि कुरकुऱ्या गृहस्थांना कळतं की उद्याच्या जाहिरातीतला मथळा आणि शेजारचं चित्र एकत्र वाचलं तर अर्थ भलताच अश्लील होतो. ते धावाधाव करून मथळा बदलून घेतात. त्या भानगडीत टॉलबॉयच्या टेबलात त्यांना पन्नास पौंडांचं पाकीट सापडतं आणि ते सांभाळून ठेवण्यासाठी म्हणून ते स्वतःकडे घेतात. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जे भांडण होतं ते वाचून मला आमच्या विभागीय कार्यालयातली सर्क्युलरची भांडणं आठवली. मी विचारलं नाही, तुम्ही कळवलं नाही, माझ्या टेबलाला हात लावलाच कसा. पाकिटातले पैसे कशाचे, हा खरा प्रश्न त्या आरडाओरड्यात कुणाला पडतच नाही. सुगावा मानापमानाखाली लपलेला आहे. ऑफिसात तो नेहमी तिथेच असतो, हो.

हे त्यांना जमलं कारण त्या तिथे राबल्या होत्या. १९२२ ते १९३१ अशी नऊ वर्षं त्या एस. एच. बेन्सन या लंडनच्या जाहिरात कंपनीत मजकूर लिहीत होत्या. कोलमन मोहरीच्या 'मस्टर्ड क्लब'च्या जाहिरातींत त्यांचा हात होता, गिनेस बिअरच्या जाहिरातींतल्या प्रसिद्ध टुकन पक्ष्याच्या ओळीही त्यांच्या. टायपिस्ट मुलींची कुजबूज, चहाच्या वेळी ठरणारी राजकारणं, शाळेची टाय कुठली यावरून होणारी माणसाची पारख, हे बाहेरून येऊन टिपता येत नाही. खुनाचं हत्यारसुद्धा ऑफिसातलंच आहे: निरोप पोचवणाऱ्या जिंजर ज्यो नावाच्या पोराकडून जप्त केलेली गलोल. शिस्तीखातर ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलेली वस्तू कुणाच्या हाताला लागेल याची कुणी नोंद ठेवलेली नसते. तपासणीसाला असा ड्रॉवर दिसला की तो आधी उघडतो.

आणि मिस मेटीयार्ड! स्त्री वाचक म्हणून मी तिच्यापाशी प्रत्येक वेळी थांबते. ऑफिसातली मजकूर लिहिणारी ती बाई, हुशार, तुटक बोलणारी. कुणी केलं याचा अंदाज तिला बऱ्याच आधी आलेला असतो. ती बोलत नाही. ऑफिसात बायकांना फार गोष्टी ठाऊक असतात, कारण त्यांच्यासमोर पुरुष बोलत राहतात. आमच्या एका शाखेत गोपनीय म्हणून सीलबंद आलेली प्रत्येक बातमी टपाल लावणाऱ्या बाईंना मॅनेजरच्या आधी कळायची, पाकिटाच्या जाडीवरून. तुमच्या कादंबऱ्यांतल्या बायका मात्र एक तर मरतात, नाहीतर कॉफी आणतात.

कौतुक पुरे. कादंबरीत एक मोठं भगदाड आहे. विम्झी ऑफिस सोडून रात्री हार्लेक्विनचा रंगीबेरंगी वेष चढवून, मुखवटा घालून लंडनच्या श्रीमंत व्यसनी टोळक्यात फिरायला लागतो, आणि पुस्तकाची हवा निघून जाते. ती पानं मी तिसऱ्यांदा अक्षरशः उलटली. जाहिरात कंपनीतला शिपाईसुद्धा जिवंत, आणि त्या पार्ट्यांमधली माणसं पुठ्ठ्याची. पुढे स्वतः सेयर्सनीच कबूल केलं की दोन पुठ्ठ्याची जगं समोरासमोर ठेवायची कल्पना ठीक होती, पण ती फार नाटकी झाली आणि हाताळणीही असमान राहिली. मला तर वाटतं जाहिरातीचं जग पुठ्ठ्याचं झालंच नाही. ते त्यांना इतकं ठाऊक होतं की मनात असूनही त्यांना ते खोटं करता आलं नाही.

आता टॉलबॉयकडे येते. हा माणूस पक्का गुन्हेगार नाही. बायको आहे, लहान मूल आहे, पगार पुरत नाही. कुणीतरी एक निरुपद्रवी वाटणारी माहिती मागतं, पैसे देतं. तो देतो. जेव्हा कळतं की हे प्रकरण काय आहे तेव्हा पाय आत रुतलेला असतो. डीनला सुगावा लागतो, डीन पैसे उकळायला लागतो, आणि टॉलबॉय गलोल उचलतो. हा माणूस मी ओळखते. त्याच्या हातचा चहा मी प्यायलेय.

नाव-गाव सांगत नाही. पासबुकं हाताने लिहायचे दिवस होते. एका खेड्यातल्या शाखेत तपासणी चालू असताना एक म्हातारी पासबुक घेऊन आली. शिल्लक विचारायला आली होती, तक्रार करायला नव्हे. पासबुकात शिल्लक जास्त, लेजरमध्ये कमी. पैसे काउंटरवर घेऊन पासबुकात लिहायचे, सही मारायची आणि लेजरला नोंदच करायची नाही, ही जुनी युक्ती. माझ्याबरोबर शहरातून आलेला तरुण अधिकारी तारखा बघायला लागला आणि खूश होऊन म्हणाला, मॅडम, यातल्या दोन नोंदी रविवारच्या आहेत, बँक बंद असताना! भिंतीवर एकाच खिळ्याला मागच्या कित्येक वर्षांची कालनिर्णयं लटकत होती, त्यातून त्याने वार काढले होते. मी म्हटलं, बाळा, या गावचा बाजार रविवारचा आहे, म्हणून ही शाखा रविवारी उघडी असते. तिची साप्ताहिक सुट्टी मंगळवारची. आता मंगळवार मोज. नऊ नोंदींत चार मंगळवार निघाले. म्हातारी सुट्टीच्या दिवशी त्याच्या घरी पैसे द्यायची, कारण त्याचं घर तिच्या वाटेवर होतं आणि तो चांगला माणूस होता. खरंच होता. शाखेत आम्ही आल्यापासून चहा तोच करून आणत होता, शिपाई रजेवर म्हणून. पगारातून भागेना, भावाच्या विहिरीला पैसे घातले होते, पुढच्या हंगामात भरणार होता. त्याचा पुढचा हंगाम सहा वर्षं येत होता.

ही गोष्ट मी इथे मुद्दाम सांगते. बाहेरचा गुप्तहेर रविवार बघतो, आतला माणूस मंगळवार. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात मावतं, आणि तुमच्या कादंबऱ्यांत मला तो मंगळवार सापडत नाही.

या प्रकरणामुळेच कादंबरीचा शेवट मला पचत नाही. टॉलबॉय विम्झीच्या घरी येऊन सगळं कबूल करतो. बाहेर टोळीची माणसं पाळतीवर आहेत. विम्झी त्याला सुचवतो की टॅक्सी करू नकोस, चालत घरी जा, मागे वळून बघू नकोस. म्हणजे वाटेत तो मारला जाईल, खटला उभा राहणार नाही, बायको-मुलाची अब्रू वाचेल. टॉलबॉय जातो. समीक्षक याला हृदयद्रावक म्हणतात, आणि वाचताना मलाही गलबलतं, नाही कशाला म्हणू. पण एका सरदारपुत्राने एका पगारदार माणसाच्या मरणाचा मार्ग ठरवावा आणि त्याला सभ्यपणा म्हणावं? याच विम्झीला जाहिरात कंपनीत आठवड्याला चार पौंड पगार मिळतो, त्याच्या आयुष्यातली ही पहिली कमाई, आणि त्याला त्याचं केवढं कौतुक वाटतं. टॉलबॉयला पगाराचं कौतुक परवडणारं नव्हतं. ऑफिसात एक माणूस गंमत म्हणून आलेला आणि दुसरा पोटासाठी, आणि निकाल पहिल्याने द्यायचा. आमच्या त्या माणसावर आरोपपत्र निघालं, खातेनिहाय चौकशी झाली, युनियनचा प्रतिनिधी त्याच्या बाजूने तीन तास मला उलटसुलट प्रश्न विचारत होता आणि मला घाम फुटला होता. सगळं कुरूप, लांबलेलं, कागदांचे ढीग. तरीही त्याला बोलायला जागा होती. सेयर्सबाईंना हा प्रश्न पडलाच नसेल असं मला वाटत नाही. त्यांच्या काळाला तो पडत नसावा.

असो. माझी मागणी काही अजब नाही हे दाखवायला दोन दाखले. क्रिस्टियाना ब्रँड दुकानात विक्रेती म्हणून काम करायच्या. एका सहकारी बाईने त्यांचा इतका छळ मांडला की त्या बाईला मनातल्या मनात ठार मारता मारता त्यांची पहिली कादंबरी झाली. ती १९४१ साली आली आणि घडते ती कपड्यांच्या दुकानातच. (आपल्यातल्या कितीजणांनी ही कादंबरी मनात लिहिलीय ते हात वर करून सांगू नका.) दुसरा दाखला माझ्या जिव्हाळ्याचा, एमा लॅथन. हे एका बाईचं नाव नव्हेच. एक अर्थतज्ज्ञ आणि एक वकील अशा दोघी अमेरिकन बायका या टोपणनावाने लिहायच्या, आणि आपल्या धंद्यातल्या अशिलांची पंचाईत नको म्हणून त्यांनी आपली ओळख बरीच वर्षं लपवली. त्यांचा गुप्तहेर वॉल स्ट्रीटवरच्या बँकेतला वरिष्ठ उपाध्यक्ष आहे. १९६१ पासून तो ताळेबंद वाचून खुनी पकडतोय! मी पहिलं पुस्तक वाचलं तेव्हा घरात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि आपल्याकडे? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंझार आणि काळापहाडावर आमच्या आधीची अख्खी पिढी पोसली गेली. त्या नायकांना मस्टरवर सही करायची नसे, आणि त्यात काही चूकही नव्हतं. ती गोष्टच वेगळी होती. पण आता तुम्ही स्वतःच कादंबऱ्या ऑफिसात नेल्यात. काचेची इमारत असते, लिफ्ट असते, गळ्यात ओळखपत्र असतं, आठव्या मजल्यावर प्रेत असतं. कंपनी काय करते हे तीनशे पानांत कळत नाही. कुणी काम करताना दिसत नाही. सर्व्हर रूममध्ये खून होतो आणि दार कुणाच्या कार्डने उघडलं हे कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर गोष्ट पाचव्या पानावर संपेल. मग निघतं काय, तर साहेबांचं लफडं. अहो, लफड्यासाठी ऑफिस कशाला हवं? तेवढ्याला लोणावळ्याचा बंगला पुरतो.

तुमच्या आजूबाजूला किती मंगळवार पडलेत बघा. साखर कारखान्याची प्रयोगशाळा घ्या. उसाचा भाव, म्हणजे एफआरपी, साखरेच्या उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली त्यावर, ठरतो. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये जाहीर केले होते, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त. माझ्यातली बँकवाली लगेच गुणाकार करते: पाच लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात उताऱ्याचा दशांशानंतरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की १ कोटी ६६ लाख रुपये शेतकऱ्याच्या खिशातून जातात किंवा त्यात येतात. आणि तो आकडा लिहिणारा कोण? रात्रपाळीचा केमिस्ट, डोळे तारवटलेले, हातात रसाचा नमुना, पगार बेताचा. त्याला कुणीतरी सांगतं की काही नाही, फक्त एक आकडा. टॉलबॉय दिसतोय ना? मग एका सकाळी तो केमिस्ट मळीच्या टाकीजवळ सापडतो, आणि पोलीस बाहेर वजनकाट्यावर काटामारी शोधत बसतात, कारण बाहेरच्यांना काटामारी हा शब्द ठाऊक असतो. प्रयोगशाळेच्या वहीत काय बघायचं हे कळणारा एकच माणूस असतो, आणि तो चेअरमनचा भाचा असतो. घ्या. फुकट देते.

किंवा बाजार समित्यांमधली हत्ता पद्धत. दोघांचे हात कापडाखाली, बोटं दाबून भाव ठरतो, शेतकरी समोर उभा आणि त्याला काही कळत नाही. 'न्यूट्रॅक्स'च्या मथळ्यापेक्षा ही खूण कमी आहे का? एस.टी. कंडक्टरचं वेबिल, तलाठ्याकडचे फेरफार, पेपरात पहाटे दोनला बदललेलं पहिलं पान. या प्रत्येक जागी एक शब्द आहे, एक वही आहे, एक सही आहे, आणि ती सही कुणी कधी केली हे सांगू शकणारी एक कंटाळलेली व्यक्ती आहे. तिला चहा पाजा. ती पंधरा मिनिटांत तुम्हाला असा गुन्हा सांगेल की तुमची झोप उडेल. फक्त 'मला कादंबरी लिहायचीय' असं आधी सांगू नका, नाहीतर ती तुम्हाला साहेबांचं लफडंच सांगेल.

बँकेत येणार असाल तर रजेचं रजिस्टर मागा. जो कधी रजा घेत नाही तो कर्तव्यदक्ष असतो किंवा त्याच्या टेबलावर दुसऱ्याने बसणं त्याला परवडत नसतं. १९९५ साली बेअरिंग्ज ही लंडनची जुनी बँक बुडाली, कारण सिंगापूरला निक लीसन सौदेही करत होता आणि त्याच सौद्यांच्या नोंदीही बघत होता. तोटा ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात जमा होत गेला, ८२ कोटी पौंडांवर. २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतलं हमीपत्रांचं प्रकरण बाहेर आलं. तिथले स्विफ्ट संदेश, म्हणजे एका बँकेने दुसरीला पाठवायचे अधिकृत निरोप, बँकेच्या कोअर प्रणालीला, म्हणजे हिशेबाच्या मुख्य संगणकाला, जोडलेले नव्हते. आधीचा अधिकारी निवृत्त झाला, खुर्चीवर नवा माणूस आला, त्याने नव्या हमीपत्रासाठी शंभर टक्के रोख मार्जिन, म्हणजे पूर्ण रकमेची अनामत, मागितलं आणि धागा हातात आला. निवृत्तीची तारीख हीच बॉम्बची वात. २०२१ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की नाजूक जागांवरच्या माणसाला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवा. कादंबरीचं पहिलं वाक्य मी तुम्हाला देऊन टाकते: सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कुलकर्ण्यांना कळलं की आजपासून ते रजेवर आहेत. पुढचे दहा दिवस तुम्ही लिहा.

प्रकाशकांना थोडंच सांगायचंय. मुखपृष्ठावर रक्ताचा थेंब आणि बाईचा डोळा आता पुरे. आणि संपादकाला पैसे द्या. चाळिसाव्या पानावरची निळी डायरी कुठे गेली हे विचारायला पगारी माणूस लागतो. तोवर बँकेतलं प्रकरण असेल तर हस्तलिखित माझ्याकडे पाठवलं तरी चालेल, मी मोबदला घेणार नाही. मात्र एक सवय सांगून ठेवते. आमची तपासणी शिलकेपासून सुरू होते आणि उलट चालत व्हाउचरपर्यंत जाते. मी तुमचं शेवटचं प्रकरण आधी वाचीन आणि मागे येत येत प्रत्येक नोंदीला विचारीन की तू कुठून आलीस.

कळावे, लोभ असावा.

तुमची जुनी गिऱ्हाईक,
एक निवृत्त तपासणीस

ता. क. माझ्या शेवटच्या दौऱ्यात एका शाखेत सस्पेन्सची सगळ्यात जुनी नोंद ४१२ रुपयांची निघाली. १९८७ सालची. कशी कुणास ठाऊक, कॉम्प्युटर आल्यावरही यादीतून यादीत उतरत राहिलेली. मूळ व्हाउचर शोधून काढलं तर तपशिलाच्या रकान्यात एवढंच होतं: 'बाई परत येतो म्हणाल्या.' मी निवृत्त होईपर्यंत तिचा उलगडा झाला नव्हता. कुणाला हवी असेल तर घ्या.